पैनगंगेच्या वळशातील माहूर

अजिंठ्याच्या डोंगररांगेत बुलढाण्याच्या बाजूस उगम पावून पूर्वेकडे निघालेली पैनगंगा नांदेड जिल्ह्याच्या उत्तर सरहद्दीवर आली, की सपाट काळ्या जमिनीचा सहवास सोडून एकाएकी डोंगराळ मुलखात शिरते, आणि तेथे एका डोंगरसमूहाला तीन बाजूंनी वळसा घालून मगच पुढे वर्धेच्या भेटीस जाते. या वळशाच्या आत, सागवानाच्या अरण्याने वेढलेल्या टेकड्यांच्या मधोमध, माहूर नावाचे लहानसे गाव वसलेले आहे. नांदेडच्या किंवा लातूरच्या माणसाला माहूर माहीत नाही असे सहसा घडत नाही. कोणाची तेथील रेणुका कुलदेवता असते, कोणाच्या घरातील वडीलधारी मंडळी दरवर्षी दत्तजयंतीला तेथे जात आलेली असतात. परंतु पहाटेच्या गाडीने जाऊन, रेणुकामातेचे दर्शन घेऊन, तांबुलाची पुडी पदरी बांधून सायंकाळपर्यंत परत येणे, एवढ्यापुरताच हा परिचय बहुधा मर्यादित राहतो. माहूर हे केवळ एक देवस्थान नसून गाव, गड, शिखरे, तीर्थे, लेणी, दर्गे, नदी आणि अरण्य यांचा एक सलग प्रदेश आहे, आणि तो सवडीने व शक्य तेवढा पायी पाहिला पाहिजे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

डोंगरमाथ्यावरची लहान गावे पाहण्यासाठी जगभरचे प्रवासी इटलीत जातात. तेथील तस्कनी, उंब्रिया आणि लात्सियो या प्रांतांत अशी गावे पुष्कळ आहेत. शत्रूच्या स्वाऱ्या आणि सखल दलदलींतील हिवताप या दोन्ही संकटांपासून जीव वाचविण्यासाठी तेथील लोकांनी उंचावर घरे बांधली, आणि पुढे ती संकटे ओसरली तरी घरे तेथेच राहिली. त्यांपैकी चिविता दि बान्योरेजो हे गाव ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ दगडाच्या सुळक्यावर उभे असून त्याचे कडे सतत ढासळत असतात. तेथे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच कायमचे रहिवासी उरले आहेत, गावात जाण्यास केवळ पादचारी पूल आहे, आणि २०१३ पासून गाव पाहण्यास शुल्क द्यावे लागते. माहूरचा खडकही ज्वालामुखीचाच, पण तो आपल्या दख्खनचा कठीण काळा पाषाण असल्यामुळे ढासळण्याचे भय येथे नाही. खरा भेद मांडणीत आहे. तिकडील गावांत माथ्यावर एक चौक आणि चौकात एक प्रार्थनामंदिर असते व सारे गाव त्याभोवती दाटून उभे राहते. माहूरला वस्ती डोंगरांच्या मधल्या सखल भागात आहे आणि प्रत्येक शिखर वेगळ्या दैवताच्या स्वाधीन केलेले आहे: एकावर रेणुका, एकावर दत्तात्रेय, एकावर अनसूया. त्यामुळे येथे एका जागी उभे राहून काहीच पुरते दिसत नाही, चालावेच लागते.

माहूरला जाण्याचे दोन मार्ग आहेत. लातूरकडून येणाऱ्याने अहमदपूर, लोहा करीत आधी नांदेड गाठावे. नांदेडहून अर्धापूर, हदगाव, उमरखेड, महागाव असा एक रस्ता जातो आणि धनोड्याजवळ पैनगंगा ओलांडून माहूरला येतो. दुसरा भोकर, हिमायतनगर, किनवट असा जातो. पहिल्यावर वर्दळ अधिक आणि सोयही अधिक. परंतु ज्याला या मुलखाचे खरे रूप पाहावयाचे आहे त्याने जाताना किनवटचाच रस्ता धरावा, कारण भोकर मागे पडल्यावर जमीन हळूहळू उंचसखल होऊ लागते, कापूस-सोयाबीनची शेते आक्रसत जातात, सागाची पाने रस्त्यावर येतात, आणि किनवटच्या पुढे तर आपण मराठवाड्यात आहोत की गोंडवनात असा प्रश्न पडावा इतका भूभाग पालटतो. आगगाडीने येणाऱ्यासही मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील किनवट हेच जवळचे स्थानक आहे.

साडेतीन शक्तिपीठांपैकी कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही तीन पूर्ण पीठे, आणि वणीची सप्तशृंगी हे अर्धे पीठ, ही गणना महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. दोनशेहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर रेणुकेचे मंदिर लागते. अलीकडच्या वर्षांत वृद्ध व अपंग भाविकांसाठी येथे उद्वाहक आणि आकाशमार्ग बांधण्याचे काम हाती घेण्यात आले आहे, आणि ज्यांनी आपल्या आईला पालखीसारखे उचलून या पायऱ्या चढविल्या आहेत त्यांना त्याचे मोल सांगावयास नको. गाभाऱ्यात पूर्णाकृती मूर्ती नाही. तेथे आहे तो शेंदूरचर्चित, भव्य असा देवीचा मुखवटा, म्हणजेच तांदळा. त्याची कथा अशी सांगतात, की सहस्रार्जुनाकडील लोकांनी जमदग्नी ऋषींचा वध केल्यावर परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात पित्याचे कलेवर आणि दुसऱ्यात मातेला बसवून कोऱ्या भूमीच्या शोधात देशभर भ्रमण केले, आणि अखेरीस या डोंगरावर येऊन दत्तात्रेयांच्या आचार्यत्वाखाली पित्याचे अंत्यसंस्कार केले. रेणुका सती गेली. पुढे मातेच्या आठवणीने तो व्याकूळ झाला असता, ती भूमीतून प्रकट होऊन तुला दर्शन देईल, मात्र मागे वळून पाहू नकोस, अशी आकाशवाणी झाली. पुत्राला धीर धरवला नाही. त्याने वळून पाहिले तेव्हा मातेचे केवळ मुख भूमीबाहेर आले होते, आणि ते तेवढेच राहिले. शक्तीच्या इतर स्थानांच्या कथांत असुरांचा संहार असतो. येथील कथा आईवाचून राहू न शकणाऱ्या मुलाची आहे, आणि म्हणूनच की काय, माहूरला जाणारा मनुष्य देवीपेक्षा आईकडे चाललो असेच बोलतो.

देवीला पुरणपोळीचा नैवेद्य असतो आणि प्रसाद म्हणून तांबूल मिळतो. नागवेलीची पाने, सुपारी, कात, बडीशेप, वेलदोडा असे जिन्नस एकत्र कुटून केलेला हा विडा माहूरचे वैशिष्ट्य होय. पायऱ्यांच्या दुतर्फा असलेल्या दुकानांत तो कुटण्याचा नाद अखंड चालू असतो. आश्विनातील नवरात्रात परडी घेतलेल्या आराधिणी, जोगवा मागणाऱ्या स्त्रिया आणि संबळ वाजविणारे गोंधळी यांनी सारा गड गजबजून जातो. त्या काळात खासगी वाहने खाली थांबवून एस.टी.च्या गाड्यांनीच वर जाण्याचा बंदोबस्त असतो. ज्यांना निवांतपणे पाहावयाचे आहे त्यांनी नवरात्र व दत्तजयंती टाळून कार्तिकात यावे. गावात भक्तनिवास आणि धर्मशाळा आहेत, त्यामुळे मुक्कामाची अडचण पडत नाही.

रेणुकेच्या मंदिरावरून पुढे जाणारा रस्ता दत्तशिखराकडे चढतो. दत्तात्रेयांचा नित्यक्रम परंपरेने असा सांगितला आहे, की ते काशीस स्नान करतात, कोल्हापुरास भिक्षा मागतात आणि निद्रेसाठी माहूरगडावर येतात. या शिखरावर दशनामी गोसाव्यांच्या महंतांची परंपरा चालत आलेली असून, स्थानाची वहिवाट त्यांच्याकडे आहे. त्याच्याही पलीकडे अत्रि-अनसूयेचे शिखर आहे आणि तेथवर जाणारे यात्रेकरू फारच थोडे. पण आम्हांला विचाराल तर संपूर्ण माहुरात सर्वांत मनोहर जागा तीच, कारण तेथे पोहोचल्यावर दुकाने आणि ध्वनिक्षेपक मागे राहतात, आणि समोर एकामागून एक निळ्या होत गेलेल्या डोंगरांच्या रांगा व खाली खोल दरीत अरण्य एवढेच उरते.

दत्तात्रेय येथे केवळ एका संप्रदायाचे नाहीत. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांत श्रीकृष्ण, दत्तात्रेय प्रभू, चक्रपाणी प्रभू, गोविंद प्रभू आणि चक्रधर स्वामी असा क्रम आहे. फलटणचे चक्रपाणी प्रभू माहूरच्या यात्रेस आले असताना दत्तात्रेयांनी व्याघ्ररूपाने प्रकट होऊन त्यांच्या मस्तकावर पंजा ठेवला आणि शक्ती दिली, अशी पंथाची श्रद्धा आहे. म्हणजे ज्या परंपरेतून मराठी गद्याचा आरंभ झाला, तिच्या गुरुपरंपरेतील एक निर्णायक प्रसंग या डोंगरावर घडलेला मानला जातो. महानुभावांचा दत्त एकमुखी, तर इतरत्र पूजिला जाणारा दत्त बहुधा त्रिमुखी. आणि एकाच गावात देवदेवेश्वराच्या मंदिरात महानुभाव व शिखरावर गोसावी आपापल्या दत्ताची उपासना शतकानुशतके करीत आले आहेत. सोळाव्या शतकात बिदरजवळच्या नारायणपेठेचे दासोपंत दत्तभक्तीच्या ओढीने येथे येऊन राहिले. पुढे आंबेजोगाईस स्थायिक होऊन त्यांनी 'गीतार्णव' हा प्रचंड ग्रंथ रचला आणि कापडाच्या लांबलचक पट्ट्यावर 'पासोडी' लिहिली. त्यानंतर कित्येक पिढ्यांनी, एकोणिसाव्या शतकात, साताऱ्याकडील विष्णुदास कवी माहूरचे झाले. रेणुकेवरील त्यांची पदे आजही घरोघरी म्हटली जातात.

आता गडाविषयी. रामगड या नावानेही ओळखला जाणारा हा किल्ला रेणुकेच्या डोंगराला लागूनच असून, दोन डोंगरसोंडांना तटाने जोडून त्याची रचना केलेली आहे. शंभर भाविकांतील एखादाच तटाच्या आत पाऊल टाकतो, ही खेदाची गोष्ट आहे. हत्ती दरवाजा, महाकाली बुरूज, चिनी महाल या नावाने ओळखली जाणारी वास्तू, आणि दोन डोंगरांच्या मधल्या खळग्यात साठविलेला इंजाळा तलाव, हे सर्व नीट पाहावयास अर्धा दिवसही पुरत नाही. तट बऱ्याच ठिकाणी शाबूत आहे, परंतु आतील इमारतींत झाडेझुडपे इतकी माजली आहेत, की पावसाळ्यानंतर वाट दाखविणारा कोणी गावकरी बरोबर असल्याशिवाय आत फिरणे इष्ट नव्हे.

या किल्ल्याचे राजकीय महत्त्व समजण्यासाठी नकाशा समोर ठेवावा. वऱ्हाड, तेलंगण आणि मराठवाडा यांच्या संधीवर तो उभा आहे, आणि म्हणूनच ज्याला वऱ्हाड हवे त्याला माहूर हवे होते. इ. स. १४२५ च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशहाने ते घेतले. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात वजीर महमूद गवानाने राज्याची नव्याने विभागणी केली तेव्हा वऱ्हाडच्या तरफेचे दोन भाग झाले: एकाचे ठाणे गाविलगड आणि दुसऱ्याचे माहूर. माहुरावर खुदावंदखान हबशी आला. पुढे गाविलगडच्या इमादशाहीने स्वतंत्र राज्य थाटले, १५७४ मध्ये ते अहमदनगरच्या निजामशाहीने गिळले, १५९६ मध्ये चांदबिबीने तहात वऱ्हाड अकबराला दिले, आणि मोगली दप्तरात माहूर हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदले गेले. आपल्या पित्याविरुद्ध बंड करून पराभूत झालेला शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, १६२३ मध्ये तापी ओलांडून दक्षिणेत पळाला तेव्हा हत्ती आणि जड सामान त्याने याच किल्ल्यात माहूरच्या जहागीरदार उदारामाच्या स्वाधीन केले, आणि हलका होऊन गोवळकोंड्याच्या मुलखातून ओडिशा-बंगालकडे गेला.

या उदारामाच्या घराण्यातील एक स्त्री माहूरचे नाव इतिहासात अधिक उज्ज्वलपणे कोरून गेली. तिचे मूळ नाव सावित्रीबाई असे सांगतात; पतीच्या पश्चात तिने जहागीर सांभाळली, फौज चालविली, आणि तिच्या पराक्रमाबद्दल मोगल दरबाराकडून तिला रायबागन, म्हणजे राजव्याघ्री, हा किताब मिळाला. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीच्या अरण्यात शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाची फौज कोंडली तेव्हा ती खानाच्या बरोबर होती, आणि प्रतिकार निष्फळ आहे, शरण जाऊन सैन्य वाचवावे, हा सल्ला तिनेच दिला, असे परमानंदाच्या 'शिवभारता'त वर्णन आहे. ती शत्रुपक्षात होती म्हणून तिची उपेक्षा करण्याचे कारण नाही. हजारो माणसे कापली जाण्याच्या क्षणी ज्या एका व्यक्तीची बुद्धी स्थिर राहिली ती व्यक्ती माहूरची होती, आणि तिच्या नावाचे एखादे साधे स्मारक तरी या गडावर असावे, असे आम्हांला मनापासून वाटते.

गावालगत डोंगराच्या पोटात कोरलेली पांडवलेणी आहेत. पांडवांचा त्यांच्याशी संबंध अर्थातच दंतकथेपुरताच. अभ्यासक ती राष्ट्रकूट काळातील मानतात. प्रशस्त सभामंडप आणि काळ्या पाषाणातून काढलेले जाडजूड स्तंभ पाहताना वेरूळचे स्मरण होते, परंतु येथे ना तिकीट, ना गर्दी. गावात राज्य पुरातत्त्व खात्याचे एक छोटे वस्तुसंग्रहालयही आहे. मातृतीर्थ आणि सर्वतीर्थ ही कुंडे, जमदग्नीचे मंदिर, सोनापीर बाबांचा दर्गा ही सर्व स्थाने एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि तालुक्यातच वझऱ्याला शेख फरीद बाबांच्या नावाने ओळखला जाणारा धबधबा आहे. श्रावणातील नारळी पौर्णिमेला माहूरची परिक्रमा निघते. भर पावसात, चिखलातून, अनवाणी हजारो लोक सर्व तीर्थे आणि शिखरे यांना वळसा घालतात. ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी एकदा तरी त्या दिवशी यावे.

हा मुलूख राज्यकर्त्यांच्या कागदोपत्री नेहमी कोणाच्या तरी कडेला राहिला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने दिले, आणि पैनगंगेच्या उत्तर तीरावर इंग्रजी अंमल व दक्षिण तीरावर निजामी अंमल असा सुमारे शंभर वर्षांचा प्रकार झाला. पुसदचा भाविक माहूरला येताना दुसऱ्या राज्यात येत असे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात याच सरहद्दीचा उपयोग झाला. उमरखेड येथे स्वातंत्र्यसैनिकांचे शिबिर होते, आणि नदी उतरून निजामी हद्दीत हालचाली करणे त्यांना शक्य झाले. १७ सप्टेंबर १९४८ नंतरही माहूर लगेच नांदेडचे झाले नाही. किनवट तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो आणि इस्लापूरची सर्कल मुंबई राज्यात आली व नांदेडला जोडली गेली. माहूरचा स्वतंत्र तालुका तर १९९९ चा. येथील बोलीत मराठवाडी आणि वऱ्हाडी यांचे मिश्रण ऐकू येते, बाजारात तेलुगू कळते, आणि आसपासच्या पाड्यांत व तांड्यांत गोंडी, कोलामी व गोरमाटी बोलतात, त्याचे मूळ या इतिहासात आणि भूगोलात आहे.

माहूरचा मुक्काम आटोपून परतताना दोन ठिकाणे चुकवू नयेत. पहिले उनकेश्वर. किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठी गंधकयुक्त उष्ण पाण्याची कुंडे आहेत. शरभंग ऋषींचा आश्रम येथे होता असे मानतात, आणि यादव राजा रामचंद्राच्या काळातील शिलालेखामुळे हे स्थान तेराव्या शतकातही प्रसिद्ध होते हे निश्चित होते. त्वचारोगाच्या उपशमासाठी लोक येथे येऊन राहतात. इटलीच्या डोंगरगावांच्या पायथ्याशी सातुर्निया येथे असेच गंधकाचे झरे आहेत आणि त्यांच्यावर तेथील पाहुणचाराचा मोठा व्यवसाय उभा आहे. उनकेश्वरला निदान स्वच्छता आणि स्त्रियांसाठी चांगली स्वतंत्र स्नानगृहे झाली तरी पुष्कळ होईल. दुसरे ठिकाण इस्लापूरजवळचे सहस्रकुंड. तेथे पैनगंगा काळ्या कातळाच्या विस्तीर्ण पात्रातून येऊन अनेक धारांनी खाली कोसळते. एका तीरावर नांदेड जिल्हा आणि दुसऱ्यावर यवतमाळ. भाद्रपद-आश्विनात पाणी भरपूर असते, मात्र खडक अत्यंत निसरडा असतो आणि वरच्या भागात पाऊस झाल्यास पात्र पाहता पाहता फुगते, म्हणून कठड्याच्या पुढे जाण्याचा मोह टाळावा.

दिवाळीत येणाऱ्यांना आणखी एक गोष्ट पाहता येते. किनवट-माहूरच्या गोंड आणि कोलाम वस्त्यांत या दिवसांत दंडारीचा उत्सव असतो. मोरपिसांचे भव्य मुकुट चढविलेले, अंगाला राख फासलेले घुसाडी आणि त्यांच्याबरोबर ढोलांच्या तालावर फेर धरणारे तरुण एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जातात. यजमान गाव त्यांना जेवू घालते, रात्रभर नृत्य चालते, आणि पुढे त्या गावाची मंडळी परतभेटीस जातात. सोयरिकी जुळण्याचाही हाच काळ. हा देवाचा आणि पूर्वजांचा उत्सव आहे, करमणुकीचा कार्यक्रम नव्हे. म्हणून पाहावयाचा असल्यास आधी गावच्या पाटलाची परवानगी घ्यावी, पायांतील वहाणा बाहेर काढाव्यात, घुसाडींना स्पर्श करू नये, विचारल्यावाचून छायाचित्रे काढू नयेत, आणि यजमानांनी पानावर बसविले तर मागे न सरता बसावे.